घास अडला तेव्हा

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आमच्या पाटोदा भागात आजारी माणसाला भेटायला कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. 'जेवण जातंय का?' ताप किती, डॉक्टर काय म्हणाले, हे सगळं त्यानंतर. भाकरी पोटात जात असेल तर माणूस उठणार, अशी धीर देणारी समजूत त्यामागे आहे. मी तीसेक वर्षं परिचारिकेची नोकरी केली. या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर देणारे रुग्ण माझ्या सगळ्यात जास्त लक्षात राहिले. आज त्यांच्याबद्दल, म्हणजे अन्ननलिकेच्या आजारांबद्दल आणि त्या रुग्णांच्या शुश्रूषेच्या इतिहासाबद्दल बोलणार आहे. वैद्यकाचा इतिहास म्हटला की शस्त्रक्रिया करणाऱ्यांची नावं पुढे येतात. मला घास भरवणाऱ्यांकडून सुरुवात करायची आहे.

१९९६चा उन्हाळा होता. पाटोदा तालुक्यातल्या एका वस्तीवरची पंचेचाळिशीची बाई आमच्या वॉर्डात दाखल झाली. दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेली. संक्रांतीच्या सुमारास भाकरी छातीत अडायला लागली. मग ती भाकरी पाण्यात कुस्करून खाऊ लागली. पुढे ज्वारीच्या कण्या, मग नुसती पेज, आणि शेवटी पाणीही उलटून यायला लागलं. मुकादमाची उचल फिटल्याशिवाय कोयता खाली ठेवता येत नव्हता, म्हणून पट्टा पडेपर्यंत ती फडातच राहिली. आमच्याकडे आली तेव्हा चैत्र उलटून गेला होता. अंगावर मांस नव्हतं. सोबत बारा वर्षांची मुलगी. बाई हळूच म्हणाली, 'सिस्टर, गिळाया लागलं की दगडावानी बसतंय बघा.'

श्रोतेहो, तिने सांगितलेला क्रम नीट ऐकण्यासारखा आहे. आधी भाकरी, मग मऊ अन्न, मग पातळ, मग पाणी. अन्ननलिका ही घशापासून जठरापर्यंत जाणारी, वीतभरापेक्षा थोडी लांब, साधारण २५ सेंटिमीटरची स्नायूंची नळी. ती नुसती पन्हळ नाही. घास आत गेला की वरून खाली एक लाट उठते आणि घासाला पुढे ढकलते. नळी ताणली जाणारी असल्यामुळे आतून गाठ वाढू लागली तरी बरेच दिवस अन्न वाट काढत राहतं. घास अडायला लागतो तेव्हा नळीचा मोठा भाग बुजलेला असतो. असा पायरीपायरीने वाढणारा अडथळा कर्करोगाची शंका घ्यायला लावतो. काही रुग्णांत मात्र गाठ नसते; नळीच्या खालच्या टोकाची स्नायूंची कडी सैल होत नाही आणि भाकरी आणि पाणी दोन्ही सुरुवातीपासूनच अडतात. त्याला डॉक्टर अकॅलेशिया म्हणतात. रुग्ण काय म्हणतो, कोणत्या शब्दांत म्हणतो, हे लिहून ठेवणं परिचारिकेचं काम. दुर्बिणीची तपासणी पुढची.

आता थोडं मागे जाऊ. आपल्याकडे चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, रुग्णाची सेवा करणारा उपस्थाता आणि स्वतः रुग्ण. या उपस्थात्याच्या अंगी चार गुण असावेत असं चरक म्हणतो. उपचाराची माहिती, दक्षता, रुग्णाबद्दल माया आणि स्वच्छता. माझ्या प्रशिक्षणात आम्हाला फ्लॉरेन्स नाइटिंगेल पहिल्या दिवशी शिकवली, उपस्थाता कुणी शिकवला नाही. त्याबद्दल तक्रार नाही, पण दोन्ही शिकवता आले असते.

गिळता न येणाऱ्या माणसाला जगवायचं कसं, हा प्रश्न मात्र सगळीकडे सारखाच होता. इंग्लंडमध्ये टॉमस विलिस या वैद्याने १६७४ साली अशा एका रुग्णाची हकिकत लिहिली. अन्न जठराच्या तोंडाशी अडत असे. विलिसने देवमाशाच्या हाडाची लवचीक काठी घेतली, टोकाला स्पंज बांधला आणि जेवणानंतर ती घशातून खाली सरकवून अन्न ढकलायला रुग्णालाच शिकवलं. तो माणूस अनेक वर्षं रोज हे करत जगला. आज अंगावर काटा येतो, पण त्यात एक गोष्ट मला फार आधुनिक वाटते. वैद्याने उपाय आपल्या हातात ठेवला नाही, रुग्णाच्या हातात दिला.

१७९० साली लंडनच्या जॉन हंटरने गिळण्याचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णासाठी नळी तयार केली. कशाची? वाम माशाच्या कातडीची, देवमाशाच्या हाडाच्या काठीवर चढवलेली. त्यातून फेटलेली अंडी, दूध, साखर असं पातळ अन्न पोटात सोडलं. रुग्ण पुढे गिळू लागला. पोटाला बाहेरून छिद्र पाडून अन्न घालण्याचा पहिला प्रयत्न फ्रान्समध्ये सेदियो यांनी १८४९ साली केला. तो रुग्ण वाचला नाही, आणि ही शस्त्रक्रिया भरवशाची व्हायला पुढची काही दशकं गेली.

१९१३ सालची न्यूयॉर्कची गोष्ट तर आम्ही विद्यार्थिनींना सांगत असू. फ्रान्झ टोरेक या शल्यविशारदाने ६७ वर्षांच्या एका बाईची कर्करोग झालेली अन्ननलिका छातीतून काढून टाकली. अशी शस्त्रक्रिया तोवर यशस्वी झालेली नव्हती. पण नळी काढली, मग अन्न जाणार कुठून? मानेवर एक छिद्र, पोटावर एक छिद्र, आणि या दोहोंना जोडणारी रबरी नळी अंगाबाहेरून. बाई घास चावून गिळायची, तो मानेतून बाहेर पडून रबराच्या नळीतून पोटात उतरायचा. अशी ती पुढे बारा-तेरा वर्षं जगली. पुस्तकांत टोरेकचं नाव आहे आणि ते असायलाच हवं. पण रोजच्या जेवणाला ती नळी जोडणं, धुणं, छिद्राभोवतीची कातडी आंबट रसाने सोलवटू न देणं, हे बारा वर्षं चाललं असणार. त्याची नोंद कुठे सापडत नाही.

आपल्या दवाखान्यांत नाकातून घालतात त्या नळीला सगळे 'राइल्स ट्यूब' म्हणतात. केसपेपरवर 'आर. टी.' लिहिलेलं तुम्हीही पाहिलं असेल. हा राइल म्हणजे लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधला डॉक्टर जॉन राइल. त्याने १९२१ साली ही बारीक नळी वापरात आणली ती भरवण्यासाठी नाही, तर जठरातला रस थोड्या थोड्या वेळाने काढून तपासण्यासाठी. भरवायला ती पुढे रुळली. या राइलचं पुढचं आयुष्य फारसं सांगितलं जात नाही. केंब्रिजचं मानाचं वैद्यकीय अध्यापकपद सोडून तो १९४३ साली ऑक्सफर्डला सामाजिक वैद्यकाचा पहिला प्राध्यापक झाला. माणूस आजारी का पडतो हे त्याचं घर, त्याचं काम, त्याची कमाई पाहिल्याशिवाय कळत नाही, असं त्याचं मत झालं होतं. ज्याची नळी आम्ही रोज हाताळायचो, तो नळीवरून वस्तीकडे वळला होता, हे मला निवृत्तीच्या जवळ आल्यावर कळलं.

तिकडे लंडनमध्ये ही नळी आली तेव्हा पाटोदा निजामाच्या राज्यात होतं. बालाघाटच्या डोंगरातला हा मुलूख. मांजरा नदी इथेच उगम पावते, पण पाण्यासाठी आणि दवाखान्यासाठी इथल्या माणसाला कायम बाहेर बघावं लागलं. बैलगाडीने दोन-तीन मुक्काम करत बार्शी गाठायची. बार्शीची छोटी रेल्वे १८९७ साली सुरू झाली होती आणि १९२७ साली ती मिरजेपर्यंत पोचली. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल होतं, शस्त्रक्रियांसाठी दूरवर नावाजलेलं. बार्शीकडच्या जुन्या माणसांच्या तोंडून 'मिरजेला नेलं' हे शब्द मी ऐकलेले आहेत. नेलं म्हणजे शेवटचा उपाय केला.

मिरजेत परिचारिकांचं प्रशिक्षण लवकर सुरू झालं, पण त्या काळी हे शिक्षण घेणाऱ्या बहुतेक मुली ख्रिस्ती असत. बाकीच्या समाजात अडचण कशाची होती, हे अन्ननलिकेच्या रुग्णाकडे पाहिलं की लगेच कळतं. या रुग्णाची सेवा म्हणजे लाळ, थुंकी, ओकारी. त्याला स्वतःची लाळसुद्धा गिळता येत नाही. दिवसातून दहा वेळा तोंड पुसावं लागतं, भांडं उचलावं लागतं. आपल्याकडे उष्टं आणि विटाळ या कल्पनांनी अशा कामाला जातीत बांधून टाकलं होतं. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनने हिंदू घरांतल्या मुलींना आणि विधवांना ससून हॉस्पिटलात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं, तेव्हा त्यांना लोकांचं बरंच ऐकून घ्यावं लागलं. मी नोकरीला लागले तेव्हाही एका नातेवाइकाने विचारलं होतं, 'दुसरं काही मिळालं नाही का?' मी उत्तर दिलं नाही. पहिला पगार आला तेव्हा तोच नातेवाईक उसने मागायला आला, तेव्हाही दिलं नाही. उत्तर.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरिअल हॉस्पिटल उघडलं. तिथली प्रयोगशाळा डॉ. वसंत खानोलकरांनी उभी केली. १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला. तंबाखू चघळणं, बिडी ओढणं आणि तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतचे कर्करोग यांचा संबंध त्यात रुग्णांच्या सवयी विचारून मांडलेला होता. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी हे आपल्याच माणसांनी मुंबईत बसून सांगितलं होतं. आमच्याकडे तंबाखूची पुडी कोपरीच्या खिशातून हलली नाही, आणि बायकांची मिश्रीही सुटली नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण दात घासायची म्हणून ती व्यसनात धरत नाहीत. माझ्या त्या रुग्ण बाईला 'तंबाखू खाता का' विचारलं तर ती 'नाही' म्हणाली. 'मिश्री लावता का' विचारल्यावर 'दिसातून चार-पाच बारी' म्हणाली. प्रश्न कसा विचारायचा हेही शुश्रूषेतच येतं.

मराठवाड्यातून टाटाला गेलेल्या कुटुंबांचा दुसरा पत्ता म्हणजे दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा. नाकात नळी असलेला रुग्ण आणि त्याला भरवणारी बायको किंवा मुलगा, ही जोडी तिथे नेहमीची. एका गावची बाई दुसऱ्या गावच्या बाईला 'असं धर, हळू सोड' म्हणून शिकवते. कुठल्या अभ्यासक्रमात ते नाही.

मुंबई दूर होती. आमच्या शेजारी मात्र दोन मोठी कामं उभी राहिली. पाटोद्याहून सौताड्याचा घाट उतरलं की जामखेड. तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायकांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर आणि दलित, आरोग्यसेविका केलं. शिकलेली परिचारिका खेड्यात टिकत नाही, मग टिकलेल्या बाईलाच शिकवा, असा सरळ हिशोब होता.

दुसरं काम बार्शीचं. तिथे डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली साडेतीनशेच्या आसपास गावं. भूम म्हणजे पाटोद्याचा शेजार. शहरात नोंदणी करायची तर हॉस्पिटलांची कागदपत्रं चाळायची. इथे हॉस्पिटलांत माणूस पोचतच नव्हता, तर कागद कुठले? म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले. पारावर बसून लक्षणं समजावली, कुणाला घास अडतो का, तोंडात न भरणारी जखम आहे का, बायकांना अंगावरून अवेळी जातं का, हे विचारलं, आणि संशय आला त्याला बार्शीला आणलं. या नोंदींतून खेड्यातल्या पुरुषांत अन्ननलिकेचा कर्करोग पुढच्या रांगेत आहे हे पहिल्यांदा आकड्यांत दिसलं. बायकांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण तर विचारपूस सुरू झाल्यावर आधीच्या अवस्थेत येऊ लागले. अन्ननलिकेचं तसं झालं नाही. तो लपून वाढणारा आजार आहे. घास अडल्यावर निघालं तरी उशीर झालेला असतो. म्हणून तर आमच्याकडे त्याची शुश्रूषा ही उपचाराइतकीच मोठी गोष्ट ठरते.

आता प्रत्यक्ष वॉर्डात काय करतात ते सांगते, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरी आज अशी नळी असेल. नळी किती आत घालायची ते नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजून ठरवतात, आणि नाकपुडीपाशी नळीवर खूण करतात. भरवण्याआधी ती खूण जागेवर आहे का पाहायचं. पूर्वी आम्ही सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप ठेवून गुडगुड ऐकायचो आणि नळी बरोबर आहे म्हणायचो. आता ती खात्रीची मानत नाहीत. नळीतून रस ओढून त्याचा आम्लपणा कागदाने तपासतात किंवा एक्स-रे काढतात. मीही कित्येक वर्षं त्या गुडगुडीवर विसंबले, हे कबूल करते. रुग्णाला बसतं करायचं, अन्न फडक्यातून गाळून घ्यायचं, सिरिंजचा दट्ट्या न दाबता आपोआप उतरू द्यायचं, आधी आणि नंतर थोडं पाणी सोडायचं, आणि अर्धा-पाऊण तास आडवं होऊ द्यायचं नाही. खोकला आला, धाप लागली, खूण सरकली, तर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. अन्ननलिकेची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची नळी निघाली तर ती परिचारिकेनेसुद्धा परत ढकलायची नसते. आत टाके असतात. सर्जनला बोलवायचं.

अकॅलेशियाच्या आणि छातीत जळजळणाऱ्या रुग्णांसाठी खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवायला आम्ही सांगायचो. रात्री पोटातलं वर येऊन ठसका लागत नाही. हा फुकटचा उपाय आहे.

आणि एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते. संडास धुण्याचं ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा कुणी प्यालं, चुकून असो वा रागाच्या भरात, तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. जे उतरताना जाळत गेलं ते वर येताना पुन्हा जाळतं. वर्षभराने अशा पोरींची नळी आकसून बोटभरही राहत नाही, आणि मग महिन्या-महिन्याला ती रुंदावून घ्यायला यावं लागतं. त्या पोरी मी पाहिल्या आहेत. कुणाची आई बरोबर असे, कुणाबरोबर कुणीच नसे.

मधल्या काळात सोयी वाढल्या. पोटावरून दुर्बिणीने नळी बसवण्याची पद्धत १९८०पासून जगभर रुळली. वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना आश्रम निघाला, बरं न होणाऱ्या कर्करुग्णांसाठी देशातला पहिला. औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, २०१२ साली शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झालं. त्याच वर्षी राज्यात गुटखाबंदीही आली. बंदीचं काय झालं ते पानटपरीवर जाऊन पाहता येईल. पण पाटोद्याच्या रुग्णाला आता परळच गाठावं लागतं असं नाही, हा फरक खरा आहे.

त्या बाईचं सांगायचं राहिलं. कर्करोगच होता, आणि शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला. डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघत बघत नळी पार केली आणि घरी पाठवायचं ठरवलं. नवरा गडबडलेला, हात थरथरायचे. मुलगी म्हणाली, 'मला दाखवा.' तीन दिवस मी तिच्याकडून करून घेतलं. गावाकडे मिळेल ते ठरवलं: गाळलेली आंबील, ताक, हुलग्याचं माडगं, दूध मिळालं तर दूध, डाळीचं पाणी. घड्याळ होतं घरी. मी तिला शाळेची एक जुनी वही दिली आणि प्रत्येक वेळी काय, किती, किती वाजता ते लिहायला सांगितलं. पोर शाळेत हुशार असावी. फडावर गेल्यामुळे तिचं अर्धं वर्ष बुडालं होतं आणि आता उरलेलंही बुडणार होतं. ते मला तेव्हाही दिसत होतं. दुसरा हात त्या घरात नव्हता.

नळी बदलायला ती दोघं महिन्याने आली. बाईचं वजन दोन किलो वाढलं होतं, आणि नळीभोवती नाकाची कातडी कुठे लाल नव्हती. दुसऱ्या महिन्यात आली नाहीत. श्रावणात बाप एकटाच येऊन वही आणि सिरिंज परत देऊन गेला. सिरिंज उकळून स्वच्छ कापडात गुंडाळलेली होती. वही अजून माझ्याकडे आहे. ७३ दिवसांच्या नोंदी आहेत, रोजच्या सहा. शेवटच्या पानावर सकाळी ६ची नोंद आहे, ताक, १०० मिली. त्याखाली ८ लिहून पुढची जागा मोकळी सोडलेली आहे.